रुमालाखालचं बोट

सांगलीच्या मार्केट यार्डात दादासो तोलाईदार आहे. हळदीचं पोतं काट्यावर चढलं की वजनाचा आकडा मोठ्यानं सांगायचा, हे त्याचं काम. पावशेरासाठीही तो कुणाची गय करत नाही, म्हणून शेतकरी त्याला मानतात आणि व्यापारी जरा टरकून असतात. असा हा सरळ माणूस एका बाबतीत मात्र कायम मापात पाप करत आला, आणि ती बाब म्हणजे जोतीराम.

दादासो मूळचा कवठे महांकाळच्या पलीकडच्या एका वाडीचा. बाप मेंढरं राखायचा. कळप कमी झाला तसा सतरा वर्षांचा दादासो चुलतभावाच्या मागं सांगलीला आला आणि पोती उचलायला लागला. यार्डामागच्या मैदानात संध्याकाळी हमालांची आणि दिवाणजींची पोरं फुटबॉल खेळायची. ह्याला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गुडघ्यात वाकून, हात पसरून आडवं उभं राहायचं त्याला लहानपणापासून पाठ होतं. मेंढरं अडवताना दुसरं काय करतात? त्याला गोलमध्ये उभं केलं आणि तो पुढची बारा वर्षं तिथून हलला नाही.

संघाचं नाव हळद बाजार फुटबॉल संघ, आणि जर्सी अर्थातच पिवळी. लोक ह्यांना नुसतं हळदवाले म्हणतात. समोरच्या संघाची पोरं मैदानात उतरतानाच विचारतात, नवरदेव कोण हाय रं तुमच्यात? ह्या चेष्टेला हळदवाले सरावले आहेत. हरायला मात्र ते अजून सरावलेले नाहीत.

जोतीराम लोणंदजवळच्या एका गावाचा. त्या गावात घरटी एक फौजी. पोरगा मामाच्या अडत दुकानात दिवाणजीगिरी शिकायला म्हणून सांगलीत आला आणि हळदवाल्यांच्या पुढच्या फळीत खेळायला लागला. दादासोचं आणि त्याचं जमलं ते असं, की दोघं एका ताटात जेवायचे. सराव संपला की बाकीची पोरं घरी जायची आणि हे दोघं मागं राहायचे. जोतीरामनं पेनल्टी मारायची, दादासोनं अडवायची. अशीच एक पेनल्टी दादासोच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर बसली. गोल वाचला आणि बोट मोडलं. बांधून घेतलं, पण ते वाकडं जुळून आलं आणि पुरतं मिटेनासं झालं.

दोन महिन्यांनी दोघं भरतीला कोल्हापूरला गेले. धावण्यात दादासो पहिल्या दहात आला. मग डॉक्टरनं मूठ मिटायला सांगितली. चार बोटं मिटली, पहिलं तेवढं उभं राहिलं. ह्या बोटानं बंदुकीचा घोडा कसा ओढणार, असं म्हणून डॉक्टरनं पुढच्याला बोलावलं. जोतीराम फौजेत गेला आणि दादासो परत पोत्यांखाली आला. यार्डात विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, छाती अर्ध्या इंचानं कमी भरली. बोटाचं त्यानं कुणालाही सांगितलं नाही, जोतीरामला तर नाहीच नाही.

पुढची चोवीस वर्षं जोतीराम लांब होता, तोवर बरं चाललं होतं. लांबच्या माणसावर रोज जळता येत नाही, तेवढी सवड कुणाला असते? दादासोचं लग्न झालं, माया घरात आली, हमालाचा तोलाईदार झाला. गुडघे कुरकुरायला लागले तसा तो गोलमधून बाहेर आला आणि संघाचं पडेल ते काम करायला लागला. मॅचच्या आदल्या दिवशी मैदानावर चुन्याची फक्की मारायची, नेटची भोकं सुतळीनं शिवायची, सोळा जर्सी घरी नेऊन धुवायच्या, आणि मॅच सुरू झाली की गोलमागं चेंडूंच्या पोत्यावर बसून बघायचं. ह्या सगळ्याला पद काही नव्हतं. कुणी दिलं नाही आणि ह्यानं मागितलं नाही. न मागता मिळावं अशी ह्याची इच्छा; आणि असली इच्छा फार वाईट, कारण ती दुसऱ्याला ऐकूच जात नाही.

गेल्या वर्षी जुने मॅनेजर पोराकडं पुण्याला राहायला गेले आणि जागा रिकामी झाली. दादासोनं मनात मांडे खाल्ले. नवा शर्टसुद्धा शिवायला टाकला. आणि नेमका त्याच आठवड्यात जोतीराम सांगलीत हजर झाला. हवालदार होऊन रिटायर झालेला, आता इथल्या एका कोल्ड स्टोरेजवर सुरक्षा सुपरवायझर. गळ्यात हिरव्या दोरीची शिट्टी, खिशात पलटणीच्या संघाला शिकवल्याचं सर्टिफिकेट. मंडळी म्हणाली, देवानंच धाडला. आयत्या बिळावर नागोबा, असं दादासो मनात म्हणाला, आणि तोच नवा शर्ट घालून त्यानं जोतीरामला पहिला हार घातला.

तिथून त्याच्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच. पप्पूनं, म्हणजे यार्डाच्या गेटवर चहाचा गाडा लावणाऱ्या आणि संघासाठी गळा फाडून ओरडणाऱ्या पप्पूनं, आपल्या गाड्यावरची हातवाली लाल प्लॅस्टिकची खुर्ची नव्या मॅनेजरला मैदानाच्या कडेला ठेवून दिली. दादासो पंधरा वर्षं पोत्यावर बसला, त्याला कुणी कधी स्टूलही विचारलं नव्हतं. जोतीराम त्या खुर्चीत पाठ न टेकता, डावा पाय जमिनीत रोवून ताठ बसायचा. बघणारे म्हणायचे, बसणं बघा, फौजी माणसाचं बसणंच वेगळं. पोरं त्याला सर म्हणायची आणि दादासोला दादू. त्यानं हिंदीत शिव्या घातल्या तरी त्या हुकमासारख्या वाटायच्या. दादासोनं साधं "पळ रं" म्हटलं तरी पोरं हसायची.

जोतीराम एकदा घरी जेवायला आला आणि उठताना आपलं ताट उचलून मोरीत ठेवून गेला. शिस्त म्हणतात ती ही, असं माया दिवसभर बोलत राहिली. खरं तर दादासोच्या मनात बरेच दिवस होतं, आपणही आपलं ताट उचलावं. आता उचललं तर जोतीरामची नक्कल केल्यासारखं होणार. म्हणून तो खरकट्या हातानं तसाच बसून राहिला, आणि आजपर्यंत बसतो आहे.

पण देव सगळं एकाच्या पदरात घालत नाही. हळदवाले हरायला लागले. सात मॅच झाल्या. सहा हरले आणि एकीत बरोबरी. दहा संघांत दहावा नंबर. आणखी दोन मॅच उरल्या होत्या, त्या घालवल्या की खालच्या गटात जायचं, आणि त्या गटात हळदवाले कधी गेले नव्हते. संघ हरला की दादासोला वाईट वाटायचं, अगदी खरं वाईट वाटायचं, भाकर गोड लागायची नाही. पण त्या वाईटाच्या तळाशी कुठं तरी एक गुळाचा खडा असायचा. तो खडा तो कुणाला दाखवत नसे, एकटाच चघळायचा.

पप्पूच्या गाड्यावर आता दुसरा विषय उरला नाही. म्यानेजरला नारळ द्या, हे पप्पूनं पहिल्यांदा म्हटलं ते चौथ्या पराभवानंतर. सहाव्यानंतर तो घोटाघोटाला म्हणायला लागला. विलायतेत तीन मॅच हरल्या की हातात नारळ ठेवतात, हे त्यानं मोबाईलवर बघितलं होतं आणि तो ते येईल त्याला दाखवायचा. फौजेचं शिक्षण फौजेत चालतं, यार्डात चालत नाही, असं एकाचं मत. दुसरा म्हणायचा, डिफेन्सला वरखाली केलंच कशाला, आधी काय वाईट चाललं होतं? तिसऱ्याचं म्हणणं, माणूस चांगला आहे, पण पायगुण वाईट. चांगलं बोलणारे चार-दोन होते, पण ते हळू बोलायचे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर रोज रात्री जोतीरामला नारळ जायचा आणि सकाळी चहाला तोच सगळ्यांच्या आधी रामराम घालायचा.

दादासो ह्या वादात तोंड उघडत नव्हता. चहा फुंकून फुंकून प्यायचा आणि कोण काय बोलतो ते मोजायचा. त्याच्या हिशेबानं मंडळाच्या सव्वीसातले एकोणीस जण विरोधात होते. जोतीराम गेला तर दोन मॅचपुरतं बाहेरून कोण येणार? जागा आपोआप दादासोकडं येणार होती. त्याला तेवढंच पाहिजे होतं: एकदा, मरण्याआधी एकदा, त्या लाल खुर्चीत बसायचं आणि पोरांनी सर म्हणायचं.

मंडळाची बैठक रविवारी सकाळी ठरली. आदल्या दिवशी जर्सी पिळताना माया म्हणाली, "उद्या जरा जपून बोला. तुमी जोतीरामभावजींच्या विरोधात बोलला तर सगळा यार्ड म्हणंल, ह्याला खुर्ची पायजे. पोटात दुखतंय ते तोंडावर दिसतंय तुमच्या."

दादासो म्हणाला, माझ्या पोटात काही दुखत नाही. पण तो रात्रभर कुशी बदलत राहिला आणि पहाटे त्याला युक्ती सुचली. युक्ती अशी होती, की उघड जोतीरामची बाजू घ्यायची, अगदी छाती ठोकून घ्यायची, आणि रुमालाखाली दोन बोटं दाबायची.

आता हे रुमालाचं सांगायला पाहिजे. आज सौदे उघड होतात, बोली मोठ्यानं बोलतात. पण पूर्वी व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही पत्ता लागत नसे. हळदवाल्यांनी ही रीत आपल्या मंडळात ठेवली आहे. उघड मत मागितलं की यार्डात डोकी फुटतात, म्हणून अवघड गोष्ट रुमालाखाली ठरवायची. रुमाल धरायचा मान आप्पासोंचा. ऐंशीच्या पुढचे, आयुष्य सौद्यात गेलेले. त्यांच्या हातात कुणी काय दाबलं ते त्यांच्याबरोबर जाणार, असा त्यांचा लौकिक होता.

रविवारी सौद्याच्या शेडमध्ये सव्वीस माणसं जमली. हळदीच्या धुळीनं फरशी पिवळी होती आणि पप्पूनं मधोमध खरोखरचा नारळ आणून ठेवला होता. जोतीरामही आला. त्याला बाहेर थांबायला सांगावं असं कुणी तरी सुचवलं, पण तो म्हणाला, मीही हळदवालाच आहे, माझाही हात घ्या. आपली बाजू मांडायला मात्र तो उभा राहिला नाही. पप्पू पंधरा मिनिटं बोलला, त्याच्यामागून आणखी चौघं बोलले, आणि माना डोलायला लागल्या. जोतीराम फरशीकडं बघत होता. कामगिरी फत्ते झाल्यात जमा होती, आणि खरं तर दादासोनं तेव्हाच गप्प बसायला हवं होतं.

पण बाजू घ्यायची ठरली होती. तो उठला. दोन शब्द बोलून बसायचं असं त्याच्या मनात होतं.

"आवं आप्पा, मी गोलमागं बसतो," तो म्हणाला. "चौदा गोल खाल्लं आपण ह्या वक्ताला. त्यातलं बारा पयल्या हाफात खाल्लं. हे कुणी मोजलंय का?"

कुणी मोजलं नव्हतं. जोतीरामनंही मोजलं नव्हतं. त्यानं मान वर केली. जळणारा माणूस जितकं बारीक बघतो तितकं कुणी बघत नाही, आणि दादासोनं सात मॅच जोतीरामवरची नजर काढली नव्हती. त्यामुळं तो बोलायला लागला तसं त्यालाच आपल्या पोटात काय काय साठलंय ते कळत गेलं. शनिवारी चारला मॅच. आपली पोरं दोनपर्यंत पोती उचलतात, हंगामाचे दिवस, एकेकाच्या पाठीवरून शंभर-शंभर पोती जातात. तशीच उपाशी मैदानावर येतात. पहिला अर्धा तास त्यांच्या पायात शिसं असतं. मध्यंतरात जोतीराम त्यांना गूळ-शेंगदाणे देतो, पाठीवर झोपवून पाय वर करायला लावतो, जागा बदलतो, आणि तीच पोरं दुसऱ्या हाफात वाघासारखी खेळतात. डिफेन्स बदलला म्हणून ओरडता, पण बदलल्यापासून डाव्या बाजूनं एकही गोल आलेला नाही. कॅप्टन जयराजला मागं थांब म्हणून ह्यानं तीनदा सांगितलं, मी कानांनी ऐकलं. तो पुढं पळाला आणि गोल खाल्ला, ह्यात मॅनेजरचा काय दोष?

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याला चढलं होतं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा सव्वीस माणसं त्याचं बोलणं चिडीचूप होऊन ऐकत होती.

"ज्यांना नारळ द्यायचाय," तो म्हणाला, "त्यांनी येत्या शनवारी माझ्या काट्याव यावं आन् पोरांच्या वाटणीची पोती उचलावीत. पोरं दोन तास आधी सुटूंद्यात. मग हरला, तर मीच नारळ देतो त्याला."

तो खाली बसला तेव्हा जोतीरामचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत. दादासोनं ते बघितलं आणि त्याला त्याचाही राग आला. रडणंसुद्धा ह्या माणसाला शोभून दिसत होतं.

मग आप्पासोंनी खांद्यावरचा रुमाल हातावर पसरला. एक बोट म्हणजे राहावा, दोन बोटं म्हणजे जावा. एकेक माणूस पुढं होऊन रुमालाखाली हात घालायला लागला. दादासोची पाळी आली. आता ह्या क्षणी त्यानं एक बोट दाबलं असतं तरी गोष्ट संपली असती. पण त्याच्या डोळ्यांपुढं लाल खुर्ची आली, उचललेलं ताट आलं, कोल्हापूरचा डॉक्टर आला. आपलं खरं बोलणं ऐकून मंडळी थोडीच बदलतात, त्यानं मनात म्हटलं, आणि दोन बोटं दाबली. त्यातलं एक वाकडं. आप्पासोंचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग सुटला.

सगळे हात झाल्यावर आप्पासोंनी रुमाल झटकून परत खांद्यावर टाकला.

"सव्वीस हात," ते म्हणाले. "पंचवीस म्हणत्यात ऱ्हावा. एक म्हणतो जावा."

दादासोला वाटलं, म्हाताऱ्याची मोजणी चुकली. त्यानं पप्पूकडं बघितलं. पप्पू तोंड चुकवत नारळाच्या शेंडीशी चाळा करत होता. ज्यांनी महिनाभर जोतीरामला रोज नारळ दिला होता त्या सगळ्यांनी एकेक बोट दाबलं होतं, आणि ते दादासोच्याच बोलण्यावर दाबलं होतं.

आणि मग पप्पूला काय सुचावं! तो जोतीरामपुढं जाऊन उभा राहिला.

"सर, सोताच सोताला नारळ देता व्हय?"

झालं. सगळ्यांना एकदम उलगडा झाला. एक मत विरोधात, आणि ते दुसऱ्या कुणाचं असणार? हरल्याची जबाबदारी अंगावर घेणारा एकच माणूस इथं आहे. जोतीराम काही न बोलता खाली बघत राहिला आणि मंडळींना ती कबुलीच वाटली. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी पाया पडायला वाकलं. पप्पूनं तोच नारळ फोडून शेरणी वाटली. दादासोच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा आला आणि तो त्याच्याकडं नुसता बघत राहिला. आयुष्यात आपण होऊन त्यानं एक वाईट गोष्ट केली होती, आणि तीसुद्धा चांगली होऊन जोतीरामच्या नावावर गेली होती. तेल गेलं, तूप गेलं, म्हणतात ना. ह्याच्या हातात तर धुपाटणंही उरलं नाही.

मंडळी पांगल्यावर तो मैदानात नेट काढायला गेला. मागून जोतीराम आला, नेटचं दुसरं टोक धरलं आणि दोघं घडी घालायला लागले, जुन्या सवयीनं.

"दादासो, तुला म्हणून सांगतो," जोतीराम म्हणाला. "ते मत माझं न्हवतं. मी एकच बोट दाबलं. मला जायाचं न्हवतं रं. तिथं बोलायचा धीर झाला न्हाई."

दादासोनं घडी नीट केली.

"मग दोन बोटं कुणाची?" जोतीराम पुढं म्हणाला. "तू माणसं वळखतोस. एवढं हुडकून दे मला."

कशाला, असं दादासोनं विचारलं.

"भांडायला न्हाई. इचारायला. बाकीची आधी शिव्या देत होती, आता पाया पडत्यात, त्यात काय अर्थ न्हाई. त्यो एकटाच ठाम हाय. माझं काय चुकतंय ते त्यालाच ठावं आसंल."

हे मात्र दादासोला सोसलं नाही. चूक असती तर त्यानं ती सव्वीस माणसांत बोलून दाखवली असती. सात मॅच तो जोतीरामची चूक शोधत बसला होता आणि ती त्याला सापडली नव्हती, हेच तर त्याचं दुखणं होतं. त्यानं हातातलं नेट खाली ठेवलं.

"माझी," तो म्हणाला. "ती दोन बोटं माझी हाईत."

हळूहळू जोतीरामच्या तोंडावर हसू पसरलं, आणि डोळे परत भरले.

"न्हाई सांगायचं त्याचं नाव, तर नको सांगू," तो म्हणाला. "पर माझ्यासाठी दुसऱ्याचं पाप डोक्याव घेऊ नगंस. माझ्यासाठी तू आज अर्धा तास भांडलास, मला कळत न्हाई व्हय?"

दादासो म्हणाला, खरंच माझी. देवाशपथ माझी. जोतीरामनं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि गप म्हणाला. माणूस खोटं पटवू शकतो. खरं पटवायला कुणी तरी ऐकणारं लागतं. घरी गेल्यावर दादासोनं मायाला सांगितलं, की ठरलं, जोतीराम राहिला. तुमी त्यांच्या बाजूनं बोलला असं समद्या यार्डात झालंय, असं म्हणून मायानं त्याला जास्तीची भाकर वाढली. जेवण झाल्यावर ताटाकडं बघत तो नेहमीसारखा बसून राहिला.

शनिवारी दुपारी बारालाच पप्पू काट्यावर येऊन उभा राहिला, त्याच्यामागं आणखी नऊ-दहा जण. तोंडानं बोलणं सोपं असतं. पोतं पाठीवर आलं की कळतं. तिसऱ्या पोत्याला पप्पूच्या तोंडाची टकळी बंद झाली आणि दादासोनं आकडे सांगता सांगता त्याला दोन-चार टोमणेही मारले. पोरं दोन तास आधी सुटली, जेवली, शेडच्या सावलीत आडवी झाली. चारला मैदानात उतरली तेव्हा त्यांची पावलं हलकी होती, आणि बघणाऱ्यांचे हात, मान, केस सगळे हळदीनं पिवळे. समोरच्या संघानं विचारलंच, आज वऱ्हाडाला पण हळद लागली का? ह्या खेपेला हळदवालेही हसले.

दादासो गोलमागं आपल्या पोत्यावर बसायला निघाला होता. जोतीरामनं शिट्टी फुंकून त्याला थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आजपासून ह्या खुर्चीत दादासो बसेल. मला उभं राहून बघायची सवय आहे. कडेनं टाळ्या पडल्या. जयराज लांबून ओरडला, "दादू सर, बसा की."

वर्षभर ज्या खुर्चीसाठी जीव जळला त्या खुर्चीत दादासो बसला. आणि बसल्याबरोबर उजवीकडं कलंडला. मागचा एक पाय तळाशी तडकून आखूड झाला होता; पाठ टेकली की खुर्ची माणसासकट पडायला बघत होती. त्यानं घाईनं खुर्चीचा हात धरून स्वतःला सावरलं, पाठ ताठ केली, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. जोतीराम पूर्ण हंगामभर ह्या मोडक्या खुर्चीत बसला होता आणि पडू नये म्हणून तसा बसला होता. ज्या ताठपणावर दादासो जळून जळून कोळसा झाला तो ताठपणा हा होता.

जोतीराम त्याच्याकडं पाठ करून, मैदानावरची नजर न काढता उभा होता.

"डावा पाय रोवून बस," तो म्हणाला. "न्हाईतर कलती ती."

दादासोनं डावा पाय रोवला. शेजारी बाकड्यावर आप्पासो येऊन बसले होते. त्यांनी खुर्चीच्या हातावरचं ते वाकडं बोट एकदा बघितलं आणि मॅच बघायला लागले. अर्धा तास झाला तरी हळदवाल्यांनी गोल खाल्ला नव्हता. जोतीरामला मनातल्या मनात एखादी सणसणीत शिवी देता आली असती तर दादासोला फार बरं वाटलं असतं. त्यानं आठवून बघितलं, पण इतक्या वर्षांतली एकही त्याला त्या वेळी आठवली नाही.